कंपनी बंद पडली तरी सायकल चालते! जुन्या रेसरचं अपग्रेड आणि ‘राइट टू रिपेअर’चा प्रश्न

२२ सप्टेंबर २०२५ पासून सायकल आणि तिच्या सुट्या भागांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. म्हणजे करापूर्वी १०,००० रुपये किंमत असलेली सायकल आधी ११,२०० रुपयांना पडायची, ती आता १०,५०० ला पडायला हवी. बातमी आली तेव्हा आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर एकच चर्चा सुरू झाली, नवी सायकल कोणती घ्यायची? मला मात्र बातमीतला दुसरा भाग जास्त महत्त्वाचा वाटला. कर सुट्या भागांवरही कमी झालाय. मग लालबाग-परळच्या चाळींत जिन्याखाली आणि गिरगावात गॅलरीत वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या जुन्या सायकलींचं काय?

मी परळला राहतो, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. गेलं वर्षभर सुट्टीच्या दिवशी मी मामाची जुनी रेसर दुरुस्त करतोय. स्टीलची फ्रेम, खाली वाकलेलं हँडल, मागे पाच गिअर. ब्रँडचं स्टिकर कधीच उडून गेलंय. कोणत्या कंपनीची हे कोणालाच आठवत नाही, आणि दुरुस्ती करताना ते माहीत असण्याची एकदाही गरज पडली नाही. आजच्या किती वस्तूंबद्दल आपण असं म्हणू शकतो?

हा लेख जुन्या सायकलीबद्दल आहे, पण प्रश्न तुमच्या फोनलाही लागू होतो. एखादी वस्तू किती वर्षं जगेल हे कोण ठरवतं, तुम्ही की ती बनवणारी कंपनी?

वरळीची कंपनी आणि अॅमस्टरडॅमची कंपनी

आज ऑफिसांच्या टॉवरसाठी ओळखल्या जाणाऱ्या वरळीत एकेकाळी सायकली बनायच्या. कंपनीचं नाव हिंद सायकल्स. पुढे ती अडचणीत आली आणि १९८० मध्ये संसदेने खास कायदा करून हिंद सायकल्स आणि आसनसोलची सेन-रॅले या दोन्ही कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण केलं. हिंद सायकल्सची ‘नॅशनल बायसिकल कॉर्पोरेशन ऑफ इंडिया’ झाली, सेन-रॅलेची ‘सायकल कॉर्पोरेशन ऑफ इंडिया’. आज दोन्ही बंद आहेत. अॅटलसची गोष्टही तशीच. १९५१ मध्ये सोनीपतला सुरू झालेल्या या कंपनीचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० ला बंद झाला. तो दिवस होता जागतिक सायकल दिन.

पण ज्यांच्या घरी हिंद किंवा अॅटलसची सायकल होती, त्यांची सायकल त्या दिवशी बंद पडली का? नाही. पंक्चर काढणारा तोच, चेन तीच, छर्रे तेच. कोपऱ्यावरच्या मिस्त्रीला कंपनीची अवस्था काय आहे याच्याशी देणंघेणं नव्हतं.

आता दुसरी गोष्ट. व्हॅनमूफ ही अॅमस्टरडॅमची ई-सायकल कंपनी. दिसायला देखण्या सायकली, फोनवरच्या अॅपने उघडणारं लॉक, खास स्वतःच्या डिझाइनचे भाग. जुलै २०२३ मध्ये कंपनीचं दिवाळं निघालं आणि ग्राहकांना वेगळीच भीती वाटू लागली. सायकल आणि अॅप यांच्यात जी डिजिटल चावी असते ती कंपनीच्या सर्व्हरवरून येते. सर्व्हर बंद झाला तर? मग काउबॉय या बेल्जियमच्या स्पर्धक कंपनीने ‘बायकी’ नावाचं अॅप काढलं, ज्यातून लोकांना आपली चावी आधीच काढून फोनमध्ये ठेवता येत होती. ऑगस्टअखेर व्हॅनमूफला नवा मालक मिळाला आणि तो प्रश्न तेवढ्यापुरता टळला. खास भागांचा प्रश्न मात्र राहतोच. ते भाग दुसरं कोणी बनवत नसेल तर मिस्त्री कितीही हुशार असला तरी काय करणार?

दोन्हीकडे कंपनी बुडाली. एकीकडे सायकल चालत राहिली, दुसरीकडे मालकांची झोप उडाली. हा फरक कशामुळे पडला ते समजून घ्यायला जुनी सायकल उघडून बघणं हा उत्तम मार्ग आहे.

रिस्टोअर आणि अपग्रेड यांत फरक काय?

हे दोन शब्द आपण सरसकट वापरतो, पण कामं वेगळी आहेत.

रिस्टोअर म्हणजे सायकल मूळ होती तशी करणं. तोच रंग, त्याच काळातले ब्रेक, तीच सीट. हे संग्राहकांचं काम. पैसे आणि वेळ दोन्ही भरपूर लागतात, आणि शेवटी सायकल रोज वापरायला जीव धजत नाही.

अपग्रेड म्हणजे फ्रेम जुनी ठेवून तिच्यावर आजचे भाग बसवणं, म्हणजे सायकल आजच्या रस्त्यावर सुरक्षित चालेल. मी हा मार्ग धरला, कारण मला ती परळहून दादर, शिवाजी पार्क आणि पुढे वरळी सी फेसपर्यंत चालवायची होती.

एक नियम मात्र सुरुवातीलाच ठरवला. केलेला प्रत्येक बदल परत मागे घेता आला पाहिजे. फ्रेमला भोक पाडायचं नाही, काही घासून काढायचं नाही, काढलेला प्रत्येक भाग पिशवीत चिठ्ठी लावून ठेवायचा. कोडिंग करणाऱ्यांना ही सवय असतेच. लोखंडालाही ती लागू पडते.

मामाच्या सायकलीत काय काय बदललं?

*१. पेडलमधला एक्सल.* दोन्ही पेडलच्या मध्ये फ्रेमची जी आडवी नळी असते तिला बीबी शेल म्हणतात. तिच्या आतल्या बाजूला आटे असतात आणि त्यात एक्सलचे कप बसतात. जुन्या सायकलीत पेडलचा दांडा एक्सलला कॉटर पिनने अडकवलेला असतो. ही पिन झिजली की दर फेऱ्याला टक-टक आवाज येतो. पिन काढण्याची पद्धत मला लालबागच्या एका मिस्त्रीकाकांनी दाखवली. दांड्याखाली लोखंडी पाइपचा आधार द्यायचा आणि वरून हातोड्याचा एकच नीट दणका. आधार नसेल तर सगळा मार छर्ऱ्यांना बसतो. मग त्यांनी बजावलं, “उजवीकडचा कप उलटा फिरव हां. तिथले आटे उलटे असतात. जोर लावलास तर फ्रेम गेली.”

हे उलटे आटे म्हणजे ब्रिटिश स्टँडर्डची खूण. व्यास १.३७ इंच, इंचाला २४ आटे, नळीची रुंदी ६८ मिलिमीटर. जगभर याला ‘बीएसए’ म्हणतात. हे नाव आलं बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स या कंपनीवरून, जी मुळात बंदुका बनवायची. बंदुकीच्या कारखान्यात भाग अचूक मापाचेच असावे लागतात, आणि तीच शिस्त सायकलीत आली. आज शिमानोचा नवाकोरा एक्सलही याच आट्यांमध्ये मिळतो. म्हणून मामाच्या फ्रेममध्ये बंद बेअरिंगचा, चौकोनी टोकाचा नवा एक्सल सरळ बसला. कॉटर पिनची कटकट कायमची गेली. फ्रेम बनवणाऱ्याला आणि एक्सल बनवणाऱ्याला एकमेकांची नावंही माहीत नसतील.

*२. चाकं.* इथे गंमत आहे. जुन्या रेसरची चाकं ‘२७ इंच’ असतात, आजच्या रोड बाइकची ‘७०० सी’. आपल्या नेहमीच्या काळ्या सायकलीचं चाक ‘२८ इंच’, आणि हल्लीच्या एमटीबीचं ‘२९ इंच’. नावं ऐकून वाटेल की २९ सगळ्यात मोठं. पण टायर रिमवर जिथे बसतो तो व्यास मोजला तर काळ्या सायकलीचा ६३५ मिलिमीटर, जुन्या रेसरचा ६३०, आणि ७०० सीचा ६२२. एमटीबीचं २९ इंच? तेही ६२२ च! म्हणजे नाव सगळ्यात मोठं आणि रिम काळ्या सायकलीपेक्षा लहान. म्हणून टायर घेताना नाव बघायचं नाही, टायरच्या बाजूला ‘२८-६२२’ असा जो आकडा छापलेला असतो तो बघायचा. पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा रिमचा व्यास.

६३० चे चांगले टायर शोधावे लागतात, ६२२ चे ढिगाने मिळतात. म्हणून मी चाकं ७०० सीची घेतली. व्यास ८ मिलिमीटरने कमी, म्हणजे रिम ब्रेकपासून ४ मिलिमीटर खाली गेली. ब्रेकचे रबर तेवढे खाली सरकवता आले की काम झालं. नाही आले तर लांब हाताचा ब्रेक घ्यावा लागतो.

*३. मागची रुंदी.* मागचं चाक फ्रेमच्या ज्या दोन खाचांमध्ये बसतं, त्यांच्यातलं अंतर वर्षांगणिक वाढत गेलंय. पाच गिअरच्या काळात १२० मिलिमीटर, सहा-सात गिअरला १२६, आठ गिअरपासून पुढे १३०. मामाची फ्रेम १२० ची. मला सात गिअर हवे होते, म्हणजे १२६.

स्टीलचा खरा फायदा इथे दिसतो. स्टील थोडं वाकवलं तर वाकलेलं राहतं, तुटत नाही. दोन्ही बाजू तीन-तीन मिलिमीटर हळूहळू फाकवायच्या. याला कोल्ड सेटिंग म्हणतात. दोन्ही बाजू सारख्या फाकल्या का हे तपासायला महागडं यंत्र नको, एक दोरा पुरतो. मागच्या एका खाचेतून दोरा निघतो, पुढे हँडलखालच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या खाचेत परत येतो. मग सीटखालच्या नळीपासून दोन्ही बाजूंच्या दोऱ्याचं अंतर मोजायचं. सारखं आलं तर फ्रेम सरळ. लक्षात ठेवा, हे फक्त स्टीलसाठी. अॅल्युमिनियमची फ्रेम अशी वाकवली तर तडा जाऊ शकतो, आणि कार्बनला तर हात लावायचाच नाही.

*४. ब्रेक.* मुंबईत सायकल चालवणार असाल तर पैसे सगळ्यात आधी इथे घाला. जुन्या सायकलींना क्रोमची चकचकीत स्टील रिम असते. कोरडी असताना ठीक. पावसात मात्र त्या गुळगुळीत क्रोमवर रबर पकडतच नाही, ब्रेक दाबल्यावर सायकल बरीच पुढे जाऊन थांबते. अॅल्युमिनियमच्या रिमवर ओल्या रस्त्यावरही पकड कितीतरी चांगली मिळते. मी चाकं बदलण्याचं हे दुसरं कारण. जोडीला ब्रेकचे नवे रबर, नवी वायर आणि वायरवरचं नवं आवरण. रंगकाम, चामड्याची सीट, हँडलची टेप हे सगळं नंतर.

मुंबईची हवा: सगळ्यात मोठा शत्रू

पुण्या-नाशिकची जुनी सायकल आणि गिरगावातली जुनी सायकल यांत फरक असतो, आणि तो समुद्र करतो. खाऱ्या दमट हवेत स्टीलला गंज लवकर धरतो. त्याहून अवघड म्हणजे स्टीलच्या नळीत बसवलेली अॅल्युमिनियमची सीटची नळी. दोन वेगळे धातू आणि मध्ये खारं पाणी, म्हणजे एक छोटी बॅटरीच. त्यात अॅल्युमिनियम खाल्लं जातं, त्याची पांढरी भुकटी होऊन फुगते आणि नळी आत घट्ट बसते. अशा वेळी पाइप लावून जोर करण्याआधी तिथे आत मुरणारं तेल सोडून दोन-तीन दिवस थांबा. नवी नळी बसवताना ग्रीस लावा आणि वर्षातून एकदा ती बाहेर काढून पुन्हा बसवा. पाच मिनिटांचं काम आहे.

वरवरचा गंज सायट्रिक अॅसिडच्या पाण्यात भाग बुडवून ठेवले तरी निघतो. नंतर स्वच्छ धुवून, पूर्ण वाळवून लगेच तेलाचा हात फिरवायचा, नाहीतर दुसऱ्या दिवशी गंज परत हजर. फ्रेमच्या नळ्यांच्या आतही पाणी साचतं. म्हणून सायकल पूर्ण उघडलेली असतानाच आत तेल सोडून फ्रेम सगळ्या बाजूंनी फिरवून घ्यावी.

आणि कधी सोडून द्यायचं? नळ्यांच्या जोडाजवळ तडा असेल, चिमटा मागे वाकलेला असेल, गंजाने नळीला भोक पडलं असेल किंवा फ्रेम तुमच्या उंचीला लहान-मोठी असेल, तर त्या फ्रेमवर खर्च करू नका. जोडावरचा रंग थोडा खरवडून बघा. रंगाचा तडा असेल तर खाली धातू अखंड दिसेल.

सुटे भाग कुठे मिळतात? क्रॉफर्ड मार्केटच्या आसपासच्या दुकानांत बरंच काही मिळतं. जुन्या काळचे ब्रेक आणि गिअर हवे असतील तर चोर बाजारात फेऱ्या माराव्या लागतात. सोबत व्हर्नियर कॅलिपर ठेवा. दुकानदार सांगेल त्यापेक्षा कॅलिपर सांगेल ते खरं.

पण जुनं ते सगळं सोनं नाही

इथपर्यंत वाचून वाटेल की पूर्वीचे लोक फार उदार होते आणि आजच्या कंपन्याच काय त्या वाईट. तसं नाही. ग्राहकाला आपल्यापाशी बांधून ठेवायची इच्छा तेव्हाही होती. रॅले ही इंग्लंडची बलाढ्य कंपनी. तिच्या कितीतरी सायकलींत इंचाला २४ ऐवजी २६ आटे असायचे, म्हणजे बाजारातला नेहमीचा कप बसणारच नाही. फ्रेंच सायकलींचं माप ३५ मिलिमीटर, इटालियन ३६. इटालियन नळी ७० मिलिमीटर रुंद आणि तिचे दोन्हीकडचे आटे सुलटे. तुमच्याकडे अशी सायकल आली तर भाग शोधताना नाकी नऊ येतात.

पुढे २००० नंतर कंपन्यांनी आटेच काढून टाकले आणि बेअरिंग थेट दाबून बसवायला सुरुवात केली. प्रत्येकाचं माप वेगळं, नाव वेगळं. त्यातल्या बऱ्याच सायकली कुरकुरायला लागल्या, ग्राहक वैतागले, आणि आता अनेक मोठे ब्रँड पुन्हा आट्यांकडे वळलेत. म्हणजे बाजारानेच त्यांना मागे आणलं.

पण एक फरक आहे आणि तो महत्त्वाचा आहे. रॅलेचे २६ आटे मोजता येतात. चांगला टर्नर लेथवर तसा कप बनवून देऊ शकतो. आटे कोणी लपवू शकत नाही. सॉफ्टवेअरमधली चावी मात्र कॅलिपरने मोजता येत नाही.

सायकलीत सॉफ्टवेअर शिरलं तेव्हा

गिअरची गोष्ट बघा. मामाच्या सायकलीला फ्रेमच्या खालच्या नळीवर गिअरचा खटका आहे, खरं तर खटकाही नाही, नुसती घासून फिरणारी दांडी. ती कुठेही थांबते. गिअर नीट बसला की नाही हे कानाने ऐकून बोटांनी जुळवायचं. शिकायला दोन दिवस लागतात. पण याच्यामुळे ती पाच गिअरला चालते, सातलाही चालते, कोणत्याही कंपनीच्या. जुळवून घेण्याचं काम माणूस करतो.

१९८४ मध्ये शिमानोने ड्युरा-एसमध्ये ‘टक’ करून नेमक्या जागी थांबणारा गिअर आणला. सोय प्रचंड झाली. पण आता दांडी, गिअर बदलणारा भाग आणि मागच्या चकत्यांमधलं अंतर, तिन्ही एकमेकांशी जुळायलाच हवेत. म्हणजे शक्यतो एकाच कंपनीचे हवेत. २००९ मध्ये ‘डीआय२’ आलं, वायरच्या जागी मोटर आणि बॅटरी. आता तर हँडलवरच्या बटणापासून मागच्या गिअरपर्यंत वायरही नाही, रेडिओ सिग्नल जातो.

आणि सिग्नल आला की हॅकिंगही आलं. ऑगस्ट २०२४ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाचं सॅन डिएगो केंद्र आणि नॉर्थईस्टर्न विद्यापीठ इथल्या संशोधकांनी दाखवून दिलं की शिमानोच्या वायरलेस गिअरचा सिग्नल रेकॉर्ड करून पुन्हा सोडला, तर दुसऱ्याच्या सायकलीचा गिअर १० मीटरपर्यंतच्या अंतरावरून बदलता येतो. बाजारात मिळणारी रेडिओ उपकरणं त्यासाठी पुरली. सांकेतिक चावी फोडायचीही गरज नव्हती. याला रिप्ले अॅटॅक म्हणतात. प्रत्येक संदेशाला वेळेचा किंवा एकदाच वापरायचा शिक्का नसेल, तर जुना संदेशही नवा समजून स्वीकारला जातो. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत ऐन बोरघाटाच्या चढावर कोणी तुमचा गिअर बदलला तर काय होईल, विचार करा. शिमानोने संशोधकांसोबत काम करून फर्मवेअर अपडेट दिलं, हे चांगलंच झालं.

मी इलेक्ट्रॉनिक गिअरच्या विरोधात नाही. ते वेगवान आहेत, अचूक आहेत, ज्यांच्या बोटांत ताकद कमी आहे त्यांना वरदान आहेत. माझं म्हणणं एवढंच की आता सायकलीचं आयुष्य लोखंडावर नाही, अपडेट किती वर्षं मिळतील यावर ठरणार आहे. फोनच्या बाबतीत आपल्याला याची सवय झालीय. सायकलीच्या बाबतीत हे नवीन आहे.

जुन्या सायकलीला मोटर लावावी का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. ऑनलाइन किट मिळतं, चाकात मोटर, बॅटरी फ्रेमवर. पण आधी नियम बघा. आपल्याकडे पेडल मारल्यावर मदत करणारी मोटर २५० वॉटपेक्षा कमी ताकदीची असेल आणि ताशी २५ किलोमीटरला मदत बंद होत असेल, तर ते मोटर वाहन धरलं जात नाही. त्याच्या वर गेलात तर परवाना, नोंदणी, विमा सगळं आलं. किटच्या जाहिरातीत १,००० वॉट लिहिलेलं दिसलं की भुलू नका.

दुसरी गोष्ट यंत्राची. मोटर चाकाला फिरवते तेव्हा तिचा एक्सल उलट दिशेने फिरायला बघतो, आणि तो सगळा जोर फ्रेमच्या किंवा चिमट्याच्या त्या पातळ खाचेवर येतो. जुन्या रेसरच्या खाचा यासाठी बनवलेल्याच नाहीत. त्यातून स्टीलच्या रिमवरचे जुने ब्रेक आणि वाढलेला वेग, हे गणित धोक्याचं आहे. जुन्या हलक्या रेसरला माझं उत्तर सरळ ‘नको’ आहे.

कायदा कुठे आहे?

केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’साठी समिती नेमली आणि २४ डिसेंबर २०२२ ला पोर्टल सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाईल-इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं आणि वाहनं अशी चार क्षेत्रं त्यात घेतली. कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती, सुट्या भागांचे दर आणि सर्व्हिस सेंटरचा तपशील तिथे द्यावा अशी कल्पना. सप्टेंबर २०२४ मध्ये ‘रिपेअरेबिलिटी इंडेक्स’साठी, म्हणजे वस्तू किती सहज दुरुस्त होते याला गुण देण्यासाठी, समिती नेमली गेली. तिचा अहवाल मे २०२५ मध्ये आला. फ्रान्समध्ये असे गुण १ जानेवारी २०२१ पासूनच वस्तूवर छापले जातात.

युरोपीय संघ याच्याही पुढे गेलाय. २० जून २०२५ पासून तिथे नव्याने बाजारात येणाऱ्या स्मार्टफोनचे महत्त्वाचे सुटे भाग, त्या मॉडेलची विक्री थांबल्यानंतरही ७ वर्षं मिळायला हवेत. फेब्रुवारी २०२७ पासून बॅटरीचे नियम येतायत. त्यात ई-सायकल आणि ई-स्कूटरची बॅटरी कंपनीबाहेरच्या तंत्रज्ञालाही बदलता आली पाहिजे अशी अट आहे.

भारतातल्या त्या चार क्षेत्रांत सायकलीचं नाव नाही. आजवर त्याने काही बिघडलं नाही, कारण साध्या सायकलीला कायद्याची गरजच नव्हती. डबेवाल्यांची सायकल बघा. सकाळी बिघडली तर डबे पोहोचवायच्या आत ती चालू व्हावी लागते, आणि ती होते, कारण कोणताही मिस्त्री ती उघडू शकतो. हा हक्क कोणी कागदावर दिला नव्हता. तो आट्यांच्या मापात होता. पण सायकलीत बॅटरी, अॅप आणि सर्व्हर आले की तो आपोआप राहणार नाही. तेव्हा तो कागदावर आणावा लागेल. ई-सायकली रस्त्यावर वाढतायत, म्हणून ही मागणी आत्ताच करायला हवी. विकून झाल्यावर काहीच करता येत नाही.

काहीही विकत घेण्याआधी हे चार प्रश्न विचारा

सायकल असो, ई-बाइक असो, इअरबड्स असोत की फोन:

१. कंपनी उद्या बंद पडली तर ही वस्तू परवा चालेल का? अॅप किंवा इंटरनेट नसताना कोणती कामं होतात ते दुकानातच विचारा.

२. सगळ्यात आधी झिजणारा भाग कोणता, आणि तो दुसऱ्या कोणाकडे मिळतो का? सायकलीत तो टायर, चेन आणि ब्रेकचे रबर. फोन आणि ई-सायकलीत बॅटरी.

३. उघडायला साधा पाना पुरतो की खास हत्यार किंवा कंपनीचं सॉफ्टवेअर लागतं?

४. अपडेट आणि सुटे भाग किती वर्षं मिळतील हे लेखी दिलंय का? तोंडी आश्वासनाला किंमत नाही.

चारही प्रश्नांची चांगली उत्तरं देणारी वस्तू क्वचितच मिळेल. पण उत्तरं माहीत असली की आपण नेमके कशाचे पैसे देतोय ते कळतं. जीएसटी कमी झाल्याने १०,००० च्या सायकलीवर ७०० रुपये वाचतात. जिच्यात प्रत्येक भाग बदलता येतो अशी सायकल घेतलीत, तर पुढच्या तीस वर्षांत त्याच्या कितीतरी पट वाचतील.

आणि तुमच्या चाळीत, सोसायटीत जिन्याखाली एखादी जुनी रेसर पडलेली असेल, तर भंगारवाल्याला देण्याआधी एकदा मालकाला विचारा आणि टायरवरचा तो आकडा वाचा. ६२२, ६३० किंवा ६३५ यांपैकी काही असेल, फ्रेम सरळ असेल, तर तिच्यासाठी अजून भाग मिळतात.